काचेच्या बॉक्समधल्या सोळा खुर्च्या

३ मे
गायिका जूनी वेलचा कार्यक्रम २४ तारखेला, इथेच वॉशिंग्टनमध्ये. स्टेडियममधला, पाहुण्यांसाठी सोळा खुर्च्यांचा काचेचा बॉक्स मिळाला. निवडणूक निधीला अडीच हजार डॉलर दिले की एक खुर्ची आणि शेजारी मी, खासदार क्रम. कल्पना माझी. निधीचं काम बघणारी डेलफिन म्हणते तिची. म्हणू दे.
एक खुर्ची लेकीची. ब्रिन त्याच दिवशी अठराची होते. शब्द दिला तेव्हा फोनवर किंचाळली. मला रुक्ष म्हणणाऱ्यांनी ही किंकाळी ऐकायला हवी होती.

९ मे
संकल्प: जूनीची सगळी गाणी पाठ करणे. तरुणांशी नातं जुळतं. आज पहिलं अर्धं झालं.

१४ मे, दुपारी
सरकारी ऑफिसातून पैसे मागायला बंदी, म्हणून रस्ता ओलांडून पक्षाच्या इमारतीत फोन करत बसलो. चार तासांत पंधरा खुर्च्या गेल्या! विमावाले, सिमेंटवाले, दूधवाले. मंडळींचा जीव आहे माझ्यावर. जूनी नक्की येणार ना, एवढंच सगळ्यांनी विचारलं.

१९ मे
दूध महासंघाचा हँक ओस्टरगार्ड आणखी एक खुर्ची मागतोय. डेलफिन म्हणाली, देऊन टाका. ब्रिनचं काय, म्हटलं. तर म्हणे, साहेब, तिचं मत कुठे जातंय? पटलं. देशासाठी घरच्यांनीही थोडं सोसावं.
ब्रिनला फोनवर तीन मिनिटांत समजावलं. पुढचा फोन थांबला होता. बरं, म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेली.

२५ मे
काल बॉक्समध्ये एकही देणगीदार नाही! सगळ्यांनी पोरींना पाठवलं. सोळा पोरी, मोठाल्या टोप्या, तोंडाला चमकी. मी डगमगलो नाही. एकेकीचा हात हातात घेतला, नाव विचारलं, देशाचं भविष्य तूच म्हणालो. ओस्टरगार्डच्या मुलीने शाळेतली मैत्रीण आणली होती. तिलाही तेच म्हणालो. ती म्हणाली, ब्रिन क्रम, साहेब.
टोपी मोठी होती. उजेडही कमी होता.
मग शेजारी बसून म्हणाली, मी आज दूधवाल्यांची पाहुणी, म्हणजे मला साहेबांची दहा मिनिटं मिळतात ना? मिळतात, म्हटलं. अकरा जूनला तिची शाळा संपते, समारंभ आहे, आपण याल का, असं तिने विचारलं. आपल्या विनंतीची जरूर दखल घेऊ, म्हणालो. सवयीने निघून गेलं तोंडातून. ती हसेल असं वाटलं होतं.
उठताना म्हणाली, बाबा, आज पहिल्यांदा इतका वेळ फोनकडे न बघता ऐकलंस.
कौतुकच केलं म्हणायचं. पण रात्रभर झोप नाही. बॉक्समधलं चीज बाधलं असणार.

२८ मे
ठरलं. अकरा जून पूर्ण मोकळा. निधी गेला खड्ड्यात! ताडताड जाऊन डेलफिनला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, त्या दिवसाला गिऱ्हाईक नव्हतंच. सकाळी एका मुलीचा फोन तेवढा आला होता, साहेबांचे दोन तास हवेत, किती पडतील म्हणून. डेलफिनने नेहमीचा आकडा सांगितला. एवढे नाहीत माझ्याकडे, राहू द्या, म्हणाली आणि फोन ठेवला.
डेलफिनने नाव विचारलं नव्हतं. तेव्हा कुणीही असू शकते.