आबांच्या पताका

२ जून. मनाली.
रस्ता उघडला. उद्या निघतो. आबांच्या नावाच्या प्रार्थनेच्या पताका टांगलांग खिंडीत मी स्वतः बांधणार. धाकट्या बहिणीला, आंगमोला, तसं फोनवर सांगितलं. तीस वर्षं आबांनी, आमच्या वडिलांनी, त्या खिंडीतला बर्फ उपसला. हिवाळ्यात ते गेले तेव्हा रस्ता बंद होता. विमान होतं, पण ऐन वेळी तिकीट कुठलं मिळणार. (विचारलं नव्हतं.) लामांनी पाच तारीख दिली आहे, दुपारच्या आत.

३ जून. जिस्पा.
गाडी मीच चालवली. थुंडुप ड्रायव्हर आहे, पण केवळ सोबतीला. म्हणाला, आचो (म्हणजे दादा), बारा वर्षं खाली राहिलात, विरळ हवेची सवय व्हायला इथे दोन दिवस काढू. हे पर्यटकांनी करायचं. माझी हाडं खिंडीपलीकडच्या ग्या गावची.

४ जून. सरचू.
बारालाचा खिंडीच्या आधीपासून थुंडुप चालवतो आहे. मला डोंगर बघायचे होते. डोकं जरा जड. चहा कडक होता. दोन उलट्या. केलाँगचे मोमो.

५ जून. सकाळ. पांग.
तंबूत चहा विकणाऱ्या दोलकर आमांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नोरबूचा मुलगा ना तू? नाक त्याचं आणलंस. छाती मनालीहून आणलीस. परत फीर."
थुंडुप हसला. मी नाही.
निर्णय: मोरेच्या मैदानात स्टिअरिंग पुन्हा माझ्या हाती.

१० वाजता. मोरे मैदान.
रस्ता सरळ. मी मागच्या सीटवर आडवा. खिंडीत पाचच मिनिटं उभं राहायचं आहे. तेवढ्यासाठी ताकद राखून ठेवतो.

संध्याकाळ. ग्या. घरी.
जाग आली तेव्हा खिंड मागे पडली होती, रुमत्से दिसत होतं. थुंडुपला काही विचारलं नाही. पताकांची पिशवीही उघडली नाही. वर्षभर वारा असतो, परतताना बांधता येतील.
आंगमोला सांगितलं, बांधल्या. वाऱ्याने हात बधिर झाले, असंही सांगितलं.
तिने माझ्या पेल्यात चहा ओतला. मग तिच्याकडूनच कळलं: सकाळी रस्त्याच्या कामगारांच्या ट्रकमधून ती वर गेली होती. थर्मास घेऊन खिंडीत थांबली होती. आमची गाडी तिनेच अडवली. पताकांच्या दोरीचं एक टोक तिने धरलं, दुसरं थुंडुपने.
मला उठवायचं होतंस, मी म्हटलं.
"उठवलं की, आचो. तू म्हणालास, दार लाव, गार वारा येतोय."