आधी अंदमान

दौंड,
८ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
गिताचा सा. न. वि. वि.

दिवाळीआधीपासून तुला पत्र नाही, त्याबद्दल क्षमा कर. शाळेच्या तपासणीचं कारण सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. काय लिहावं हेच ठरत नव्हतं.

ह्यांनी जानेवारीत अंदमानला जायचं काढलं आहे. रजेवर असल्यामुळे दिवसभर तोच विषय, भिंतीवर नकाशाही लावला आहे. सेल्युलर जेल आधी की इंग्रज साहेबांचं रॉस बेट आधी, यावर आमची भांडणं होतात. रॉसवर पडक्या चर्चमध्ये हरणं चरतात म्हणे. शिवाय कासवं वाळूत अंडी घालतात तो किनारा. मद्रासपर्यंत रेल्वेचा पास, पुढे जहाज. जहाजाची तिकिटं ह्यांच्याबरोबरचे गार्ड अयुबभाई मेव्हण्याकडून काढून देणार आहेत. मीही रंगले. वाळूत चालायला चप्पल घेतली.

आता जे लिहायचं ते लिहिते. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी लगेच डायलिसिसच्या मशीनवर यायला सांगितलं आहे, आठवड्यातून दोनदा, कायमचं. हे म्हणाले, आधी अंदमान, मग मशीन. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, जानेवारीपर्यंत थांबलात तर मला बोलावू नका. आणि मी घरी येऊन ह्यांच्याबरोबर नकाशात बेटं शोधत बसले. सहल मोडली तर त्यांच्यापाशी काय उरेल, असं मला वाटतं. की मलाच नको म्हणायचं धैर्य नाही, आणि त्याला मी माया म्हणते आहे?

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. मी काय करू ते लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
गिता


कवठे येमाई,
१५ नोव्हेंबर १९९८

चि. गितास,
संपतचा आशीर्वाद. इकडं समदी खुशाल, तुझ्या काळजीपुरती न्हाई.

तू बीए झालीस शिरूरला, मी मेंढरामागं. तरी सांगतो. सहल मोड. चांगदेवरावांचा राग तुझ्यावर निघू दे. जित्या माणसाचा राग बरा असतो.

एक चूक झाली माझ्या हातनं. पत्र वाचताना आई समोर हुती, सुरवातीचं मोठ्यानं वाचलं. अंदमान म्हंजी कुठं, इचारलं. दुखण्याचं बोलायचं न्हवतं, म्हणून मी चटकन म्हणालो, काळं पाणी म्हणायचे ना, ते. तिनं हातातलं पीठ तसंच ठेवलं. काळ्या पाण्याला धाडल्याला माणूस माघारी आल्याचं तिनं कधी ऐकलं न्हाई. समुद्राचं म्या सांगाय लागलो, तर म्हणाली, मला नगं शिकवू, कोकणात बघितलाय, मेंढरानंबी त्यात तोंड घालून थुकलं.

तुला आठवत असंल, आबा त्या वर्साला मेंढरं घेऊन कोकणात निघाले तवा घाईत येतो म्हणायच्या जागी जातो म्हणाले, आन् तिकडंच ऱ्हायले. तवापासून आपल्या घरात निघताना तो शब्द न्हाई. आई म्हणते, जावयाला सुदीक नीट वाटं लावून देते. मंगळवारी येष्टीनं येतीया. तिला मी अडवू शकलो न्हाई, तू तर अजाबात अडवू नगंस.

हाताची बोटं थकली. जीव तुझ्याकडं हाय.
तुझा दादा,
संपत


दौंड,
१८ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
गिताचा सा. न. वि. वि.

काल आई आली. घोंगडी आणि भंडारा घेऊन. ह्यांनी तिला हौसेनं नकाशा दाखवला. तिनं निळ्या रंगावरून हात फिरवला आणि विचारलं, यातलं प्यायचं कुठलं. हे खूप हसले. मीही.

संध्याकाळच्या गाडीनं ती परत निघणार होती. निघण्याआधी तिनं ह्यांच्या कपाळाला भंडारा लावला, खांद्यावर घोंगडी टाकली, आणि म्हणाली, जावईबापू, तुम्ही निघाल तवा म्या नसंन, आत्ताच म्हणा. ह्यांना आपल्या घरची रीत ठाऊक आहे. मुलं लहान असताना चुकली तर हेच त्यांना दारातून परत बोलवायचे. हे तिच्या पाया पडले आणि शांतपणे म्हणाले, "जातो."

आई मटकन उंबऱ्यावर बसली. तिथे बसू नये असं तिनंच आम्हाला शिकवलं. कितीही सांगितलं तरी उठेना. गाडी गेली.

मी तशीच अयुबभाईंकडे गेले, तिकिटं रद्द करा म्हणायला. त्यांना काही कळेना. भाभी, कसली तिकिटं? चांगदेवनं माझ्या मेव्हण्याकडून नकाशा तेवढा मागवला होता, म्हणाले.

दादा, हे कुठेच जाणार नव्हते. मी समजत होते मी त्यांना फसवते आहे. आधी अंदमान याचा अर्थ मशीन कधीच नाही, इतकाच होता. घरी येऊन विचारलं, तर नकाशाकडे बघत म्हणाले, "मशीनला बांधलेला माणूस तू जन्मभर ओढशील, मला माहीत आहे. त्यापेक्षा हे दोन महिने तू हसत होतीस." मी चप्पल त्यांच्यासमोर आपटली. नंतर लाज वाटली. अजूनही कळत नाही, राग त्यांच्यावर होता की त्या हसण्यावर. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मी त्याच दिवशी भांडले असते तर कदाचित ते वेगळे वागले असते. हे आता मला कोण सांगणार?

पुण्याच्या सकाळच्या गाडीची पिशवी मी भरली आहे. मशीनच्या खोलीत थंडी वाजते म्हणतात, म्हणून वर आईची घोंगडी ठेवली. हे हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. आई अजून दारातच आहे. मला फारशी आशा नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आम्हा तिघांवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
गिता

उद्याचं काम : दारातून निघताना ह्यांच्याकडून 'येतो' म्हणवून घेणे.