भाजलेली माती

रविवार, सकाळ

प्रिय बेबी,

आशीर्वाद. गुडघे ठीक आहेत, दात ठीक आहेत, आणि तू विचारणार नाहीस म्हणून सांगते, डोकंही ठीक आहे.

चार वर्षांनी बहिणीची आठवण झाली. आलीस, माझे पाय चेपलेस. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. निघताना मातीच्या बरण्या टेबलावर ठेवल्यास. "ताई, किरणोत्सारी कचऱ्याचे डबे आमच्या बोगद्यातल्या या मातीत पुरणार आहोत. त्यातलं काही पाण्याबरोबर सरकत नाही, हे आम्ही तपासलंय. जंतूंचं तेवढं तू बघ आणि सही दे."

बघितलं. माझ्या जुन्या प्रयोगशाळेत ती माती बाटल्यांत भरली, पाणी घातलं, जंतूंचं खाद्य घातलं, महिनाभर थांबले. काही म्हणता काही वाढलं नाही. नोकरीत असताना त्याच बोगद्यातली माती मी तपासली होती. आठवड्यात बाटली काळी व्हायची, आणि सडक्या अंड्यांच्या वासाने शिपाई रजा मागायचा. आता अचानक एवढी सोवळी झाली?

फोनवर विचारलं तर हसलीस. "जंतू नाहीत हे चांगलंच की. तू ना, दूधवाल्यावरही संशय घेतेस."

"तो पाणी घालतो," मी म्हटलं.

अगं, काही जंतू युरेनियमला जागीच बसवतात. काही त्याला सोडवून पाण्याच्या हवाली करतात, काही डब्यांचं लोखंड पोखरतात. तिथे कोणते आहेत ते कळायच्या आधीच त्यांना मारून टाकायचं, आणि वर म्हणायचं, काही सरकत नाही? खालच्या खोऱ्यात लोक विहिरीचं पाणी पितात.

म्हणजे ती माती आधी भट्टीत तापवलेली आहे, आणि तुमची सरकण्याची चाचणीही तिच्यावरच झाली. तुझ्या हाताखालच्या कुणीतरी गाढवपणा केला, असं मी आठवडाभर स्वतःला समजावत होते. पण बरण्यांवरची मोहोर तुझी आहे. मिशनच्या शाळेत सिस्टरसमोर थाप मारताना तुझे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत, म्हणून लिहून विचारते: तूच तापवलीस ना?

गुरुवारी कचरा पुरायच्या परवानगीची सुनावणी. माझी सही मिळणार नाही. त्याआधी तू स्वतः ती चाचणी मागे घेतलीस, तर मी मागच्या रांगेत बसेन. नाहीतर बाटल्या घेऊन पुढे, साक्षीला.

तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. गेली तर इकडे ये. मागची खोली झाडून ठेवली आहे.

गुरुवारी कुठेही बसले तरी तुझीच,

ताई