भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी

आई, आज शेतकीच्या पानासाठी मजकूर लिहायला बसलो होतो. दुपारी तो छापखान्यात जायचा आहे. भुईमुगाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. ते हवेतलं नत्र धरून रोपाला देतात, रोप त्यांना आपल्यातली साखर देतं. म्हणून भुईमुगानंतरची ज्वारी जोमानं येते. एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. आपल्या गावचं, सांबऱ्याचं शेत डोळ्यांपुढं आलं.

प्लेगचं वर्ष. घराघरांत उंदीर मरून पडायला लागले म्हणून आख्खं गाव माळावर गेलेलं आणि आपण आपल्या वावरातच झोपडी घातलेली. धान्य बंद घरात अडकलं होतं, तेव्हा हिवाळ्याची सगळी भिस्त शेंगांवर. आप्पांनी भुईमूग पहिल्यांदाच लावला होता. बी संकेश्वरच्या बाजारातलं. तूर, मूग वाळल्यावरच उपटायचे, त्यामुळं हिरव्या रोपाचं मूळ कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या झोपडीतले काका काखेत गाठ येऊन नुकतेच गेले होते. आणि त्या सकाळी आप्पा रोप उपटतात, तर मुळांना गाठीच गाठी.

"अगं, हिकडं ये. रोग जमिनीत उतरला बघ."

तू एक गाठ नखानं फोडलीस. आत लालसर, ओलं.

"रगत हाय त्यात!" चुलती किंचाळली.

"समदं उपटून जाळायचं," आप्पा म्हणाले. "शेंगा कुनी तोंडात घातल्या न्हाईत न्हवं?"

मी घातल्या होत्या. उजाडताच, मूठभर, कच्च्या. ज्याचा संशय येई त्याला गावाबाहेरच्या छपरात नेत, आणि तिथून परत आलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. तू माझ्याकडं पाहिलंस, माझ्या ओठांवरची माती पदरानं पुसलीस. मग खाली वाकून शेंगा तोडल्यास आणि सगळ्यांदेखत चावायला लागलीस.

"याड लागलंय व्हय तुला?"

"भूक लागलीया. आता मला काय हुईस्तवर वावराला हात लावू नगासा."

मग नुसती वाट बघणं. तू सारखी माझ्या कपाळाला हात लावायचीस आणि मी तुझ्याकडं टक लावून बसायचो. चुलीपुढं तुला घाम फुटला तरी मी धावत येऊन तुझा हात धरून बघायचो. ताप तुलाही आला नाही, मलाही नाही. हिवाळाभर आपण त्याच शेंगांवर राहिलो.

त्या गाठी निरुपद्रवी आहेत हे तुला कसं तरी उमगलं होतं, की मी एकटा जाऊ नये एवढंच तुझ्या मनात होतं? तू पुढं पुष्कळ वर्षं होतीस. मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

मजकूर आता पुरा केला आहे. या गाठी म्हणजे रोग नव्हे, रोपं उपटू नयेत, असं शेवटी ठळक घातलंय. हा कागद मात्र त्यासोबत जाणार नाही, खणातच राहील. टेबलावर नमुन्याला आणलेलं रोप आहे. त्याच्या शेंगा आत्ताच फोडून खाल्ल्या, आणि हात आपोआप काखेत गेला.