तीन पावलांचा सिनेमा

चिखली, ता. ९ मार्च १९६७

ती. सौ. सुलभावन्संना,

प्रतिमाचा वाकून नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर उतरलं का, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ खरोखर बंद केलंत का, ते आधी कळवा. (मला खरं कळवा, डॉक्टरांना काहीही सांगा.) मी बरी आहे. सिनेमा काढते, हे तुमच्या कानावर आलंच असेल; इथली बातमी एस.टी.च्या आधी अकोल्याला पोचते.

त्याचं असं झालं. परदेशातून आलेला माझा भाचा परत जाताना चावीचा लहानसा कॅमेरा, भिंतीवर सिनेमा दाखवायचं यंत्र आणि तीन कोरी रिळं माझ्याकडे ठेवून गेला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. नागपूरच्या शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेलं इंग्रजी संसारात फक्त औषधांच्या बाटल्या वाचायला उपयोगी पडलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी त्याचं चीज झालं. (पुस्तक दोनदा वाचलं. अकरावं पान तेवढं भरभर उलटलं, त्याचं पुढे येईल.) नवं रीळ बाहेरदेशातून येणार आणि ते माझ्या आवाक्याबाहेर, तेव्हा तीन रिळं, कॅमेरा ठेवायला शिवणाचं मशीन आणि उजेड पाडायला पाटावर बसवलेला आरसा, एवढाच माझा स्टुडिओ.

कुणाचा सिनेमा काढायचा, याचा विचार करावा लागला नाही. तुमचे बंधू जाऊन दीड वर्ष झालं. दिवाणखान्यातल्या फोटोत ते आहेत, पण बसलेले आहेत. ते चालायचे कसे, हे मला परवापरवापर्यंत दिसायचं. दिवाळीनंतर एकदा डोळे मिटून पाहिलं, तर नुसता फोटोच दिसला. फार घाबरले हो मी. म्हटलं, जे माणूस अजून चालतंय ते तरी धरून ठेवावं. ते माणूस म्हणजे पंचवीस वर्षं आपल्याकडे वांगी-मेथी आणणारी रुख्मिणीबाई. डोक्यावर टोपली, एक हात मोकळा, तो असा झुलायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होत, आणि आवाज टोपलीच्या आधी आपल्या दारात. तेव्हाच ती जरा वाळलेली दिसत होती.

ठरल्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून, नवऱ्याला, म्हणजे उकंडरावांना, बरोबर घेऊन आली. टोपली घरी. (“फोटूत का भाजीवाली दिसू मी?”) मी चावी दिली, कॅमेरा कुरकुरू लागला आणि दोघं श्वास रोखून दगडासारखी उभी राहिली. मी ओरडतेय, “अहो, चाला! बोला!” तर ओठ न हलवता म्हणते, “मले शिकवू नको बाई. लग्नात फोटू काढला तवा हे हालले. पाहा जाऊन, आजवर फोटूत ह्याईले तोंडच नाई.” यावर उकंडराव, तेही न हलता, “तोंड असतं तरी तू कोठी बोलू देल्लं असतं?” अख्खं रीळ असं उभं राहून संपलं.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. न सांगता खिडकीआड दबा धरून बसले. बाई टोपली घेऊन आली, कोपऱ्यावरच्या बकरीशी भांडली, माझ्या नावाने हाका मारत अंगणभर फिरली. अगदी हवं होतं तसं! मी कॅमेरा छातीशी धरून रडले. दोन्ही रिळं धुवायला मुंबईला पाठवली. आता अकरावं पान: कॅमेरा सुरू करण्यापूर्वी भिंगावरचे झाकण काढावे. (पहिल्या वेळी ते लावलेलंच नव्हतं.)

माघात तिला कावीळ झाली. दहा दिवसांत गेली. रिळं आली ती तेराव्यानंतर. उकंडराव आणि मुलगा शालिग्राम पाहायला आले. भरदुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या. दुसरं रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत काळंकुट्ट. पहिल्यात बाई उभी. नुसता पदर वाऱ्याने हलतोय. शालिग्राम म्हणाला, “मायले इतका वेळ गप्प पहिल्यांदाच पाहून राह्यलो.” आम्ही तिघंही हसलो आणि मग कुणालाच कुणाकडे बघवेना. एवढ्यात भिंतीवर बाईने श्वास सोडला, माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं (“झालं का वं?” असणार), आणि वळून चालू लागली. एक, दोन, तीन पावलं. मोकळा हात झुलला आणि रीळ संपलं. उकंडराव म्हणाले, “अजून एक डाव दाव.” नवव्या खेपेला यंत्राचा दिवा गेला.

असो. नातवंडांना माझे पापे द्या, अण्णासाहेबांना नमस्कार.

आपली,
प्रतिमा

ता. क. सिनेमा मी कायमचा सोडला आहे. कॅमेरा घेऊन जा, असं भाच्याला कळवलं.

ता. क. २. कळवलेलं नाही. यंत्राचा दिवा खामगावात मिळाला, आणि एक रीळ शिल्लक आहे. वन्सं, गेल्या संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तुम्ही अंगणातून आलात, उजवा खांदा किंचित पुढे, दुसऱ्या पायरीवर थांबून मागे बघितलंत, जसं कुणी हाक मारलीय. अगदी तुमचे बंधू यायचे तसं. मी तांदूळ टाकून आत पळाले आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणाले. चूल तेव्हा पेटलेली नव्हती. तेवढं एकदा येऊन जा. दिवस कळवू नका.

ता. क. ३. आता हे वाचल्यावर तुमचं ते थांबणं आपोआप येणार नाही, हे मला पाकीट चिकटवताना सुचलं. तेव्हा वरचं सगळं विसरा. लिंबाचं लोणचं मुरलंय, ते न्यायला या.