आठ कप आणि एक संदर्भ

ताई,

स्वयंपाकघरात जपून पाय टाक. फरशीवर आठ कप मांडलेत, ते उचलू नकोस.

तुझ्या उद्याच्या वर्गासाठी आठ वजिरांच्या कोड्याचे संदर्भ नेटवर शोधत होतो. पटावर आठ वजीर असे बसवायचे, की कुणीच कुणाच्या रांगेत येणार नाही, सरळही नाही न् तिरकंही नाही. पहिलं पान म्हणालं, दुसरं बघा. दुसरं म्हणालं, तिसरं. तिसऱ्यानं मला परत पहिल्याच्याच दारात आणून सोडलं. शेवटी फरशीचाच पट केला आणि तिथंच डोळा लागला. स्वप्नात कप वाफेसारखे तरंगत एकमेकांना टाळत होते, तू नोकरी सोडून शिकवायला लागल्यापासून तू आणि बाबा टाळताय ना, अगदी तसे. दचकून लाथ बसली आणि तुझ्या निळ्या कपाचा कान गेला. सॉरी.

बाबांनी मात्र एकही कप न हलवता, टुणटुण उड्या मारत चहा केला आणि वाटीतून प्यायले.

त्यानंतर एक खरा संदर्भ सापडला. जुना फोरम, पंधरा वर्षांपूर्वीचा प्रश्न: "मुलगी आठ वजिरांच्या प्रोग्रामवर अडलीये, रडतेय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी सोपं करून सांगेल का?" खाली बाबांचं नाव. चौदा जणांनी उत्तरं दिलीत आणि बाबांनी चौदाही जणांचे वेगवेगळे आभार मानलेत.

प्रिंट फ्रिजवर लावलीये. वर्गात दाखवायची तर त्यांना विचारावं लागेल. बाबा बाल्कनीत आहेत. मी मुद्दामच सहापर्यंत येत नाही.

तुझा धाकटा