आतून टकटक

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे टेकडीवर. मुलाचा हुकूम आहे की केबिन उभी राहीपर्यंत मी रोज सांगायचं आणि सूनबाईनं लिहायचं. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही, तेव्हा जोडी छान जमली. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं. तिला सातवा महिना लागलाय. बाळ यायच्या आत एक तरी खोली उभी करायची, तोवर तंबू.

दुपारी ट्रकभर पॅनेल आली. विटा नाहीत, सिमेंट नाही. दोन फळ्या आणि मधे वीतभर फोम, क्रीमच्या बिस्किटासारखं. मी मुलाला विचारलं, घर बांधतोयस की चहाची तयारी करतोयस? ड्रायव्हर मात्र प्रत्येक पॅनेल उतरवण्याआधी त्यावर टिचकी मारून कान लावत होता. म्हटलं, मडकी निवडतोस का बाबा? तो हसला नाही. एका गिऱ्हाइकानं परत केलेला माल आहे, एवढंच बोलला आणि चहा न घेता गेला.

बुधवार, ५ तारीख

चार भिंती उभ्या राहिल्या, वर छपराची पॅनेल चढली. सांध्यांमध्ये मुलानं नळीतून फोम मारला. तो दुधासारखा उतू येतो, मग वाळून घट्ट होतो. बाहेर आलेला भाग सुरीनं कापून टाकायचा. मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर जाणार नाही, अशी मुलाची फुशारकी. म्हटलं, आमचा जाऊ दे म्हणजे झालं.

दाराची जागा तेवढी सोडायची, भिंती सलग उभ्या करायच्या आणि खिडकी नंतर कापायची, अशी यांची पद्धत. आत सूनबाई माप घेऊन टकटक करते. बाहेरून मुलगा एक थाप मारतो, म्हणजे कळलं. मग ती बाजूला होते आणि टकटक झाली तिथे करवत घुसते. पुढची खिडकी आज अशीच कापून झाली. हाका मारून भागत नाही, फोम आवाज गिळतो. मी आत उभी राहून घसा फुटेस्तोवर मुलाला शिव्या घातल्या, बाहेर त्याला गंधही नाही. सासूला असलं घर काय कामाचं?

शुक्रवार, ७ तारीख

आम्ही दोघी ओढ्यावर भांडी घासायला गेलो होतो. परत येतो तर मागच्या भिंतीला जमिनीलगत नवं भोक. मुलगा सूनबाईवर चिडला, खिडकी कुणी इतक्या खाली दाखवतं का म्हणाला. तिनं ओल्या भांड्यांची टोपली त्याच्यापुढे धरली.

त्यानं करवत खाली ठेवली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, मी थाप मारली तेव्हा आतून परत उत्तर आलं."

लाकूड तापलं की बोलतं, असं मी सांगितलं. सांगायचं म्हणून सांगितलं.

शनिवार, ८ तारीख

भोक बुजलंय. फोमनं. मुलानं मारलेला नाही, त्याच्या नळ्या परवाच संपल्या. मी हात लावून पाहिला. मऊ आहे, आणि कोमट. सावलीतल्या भिंतीत कोमट कशानं असेल?

खिडकीच्या कडांनीही आलाय. काल तिच्यातून माझं डोकं खांद्यासकट बाहेर जात होतं, आज ताटाएवढी उरली. मुलानं सगळं कापून काढलं. दुपारपर्यंत परत भरलं.

निघू या म्हटलं. पण सूनबाईला एवढा उतार चालवणार नाही. मुलगा उद्या सकाळी खालून गाडी आणणार. तंबू वाऱ्यानं फाटलाय, त्यामुळे तोवर आतच. ती हसून म्हणते, सासूबाई, तुम्ही आज एकही टोमणा मारला नाहीत.

सुचला नाही.

रविवार, ९ तारीख, सकाळ

मुलगा गेला. दार उघडंच ठेवा म्हणून बजावून गेला. आम्ही दाराला दगड लावला. सामान बांधायला पाठ वळवली, तेवढ्यात दारामागचा फोम फुगला आणि दगडासकट दार लोटलं. दोघींनी जोर लावला. हलत नाही —

रविवार, दुपार

दार दिसत नाही आता. खिडकी मुठीएवढी होती, तीही गेली. मी सुरी चालवतेय, पण कापावं तसं भरून येतंय. सूनबाईला दम लागलाय. बाळ फार हलतंय म्हणते. टॉर्च लावून लिहितेय. मीच म्हटलं लिही, हात थांबला की कान चालू होतात.

नंतर

गाडी आली, जमीन थरथरली. मी सुरीच्या मुठीनं दारापाशी टकटक केली. बाहेरून थाप! देवा, वाचलो. करवत सुरू झाली, आणि —

थांबली. समोरच्या भिंतीत कुणीतरी टकटक करतंय. आम्ही नाही. मुलानं तिकडे थाप मारली. मी जोरात ठोकलं, तो इकडे आला. मग तिकडे त्याहून जोरात —

पुन्हा

खाटेएवढी खोली उरली. गुडघ्याला गुडघा. सूनबाईची पाठ भिंतीला, पोटावर माझे हात. सरकायला जागा —

मी ठोकणं थांबवलं. तरी टकटक चालूच.

जवळ आली. सूनबाईच्या पाठीमागे, अगदी कण्यापाशी. हलक्या हातानं, तिच्यासारखीच —

थाप. त्याला कळलं.

करवत. सूनबाई, वही टाक, माझ्या अंगावर ये, पुढे, पु